नंबर लागून गेलेल्यांच्या ताई

ताई, गेल्या रविवारी तुमच्या घरी आले तेव्हा तुमचे यजमान अण्णा फाटकात उभे राहून एका गृहस्थांना समजावत होते, की इथं 'नीट' परीक्षेचे क्लास होत नाहीत. गृहस्थ औशाकडचे होते. सोबत मुलगी, तिच्या हातात दहावीच्या गुणपत्रिकेची झेरॉक्स. ते पुन्हा पुन्हा पाटीकडं बोट दाखवत होते. "असं कसं साहेब, लाइफ कोच म्हणून लिहिलंय की!" अण्णांच्या गालांवर दाढी वाढलेली. खरं सांगावं की नको, या विचारात ते क्षणभर थांबले आणि मग म्हणाले, "मॅडम गावाला गेल्यात."

मला हसू आलं आणि त्या हसण्यातच रडूही आलं. तुम्हाला जाऊन नऊ दिवस झाले होते. सकाळी चहा ठेवून तुम्ही खुर्चीत बसलात आणि उठलाच नाहीत. चहा करपल्याच्या वासानं अण्णा आत आले. मी डॉक्टर आहे, त्यामुळं मला माहीत आहे की तुम्हाला काही कळलंसुद्धा नसेल. अण्णांना मी तसं सांगितलंही. त्यांनी मान हलवली. तुम्हाला कळलं नाही हे चांगलंच झालं ताई, पण आम्हाला मात्र रोज नव्यानं कळून राहिलंय.

त्या औशाच्या गृहस्थांवर मी हसले खरी, पण चार वर्षांपूर्वी त्याच फाटकात मीही तेच विचारायला आले होते. आमची सुजाता अकरावीला लातूरला होस्टेलवर होती आणि मी दर दुसऱ्या रविवारी नांदेडहून तिला भेटायला यायचे. तिचं जीवशास्त्र कच्चं आहे असं सरांनी सांगितलेलं. त्या काळजीत तिच्या होस्टेलच्या गल्लीतून चालले होते, तर तुमची पाटी दिसली. तुम्ही ओसरीत बाजेवर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होतात. मी बाहेरूनच विचारलं, "बायोलॉजीची बॅच आहे का?"

"माझ्याकडं बॅच नसती, बाई. एकेकच माणूस येतं."

"पर्सनल कोचिंग का? चालेल. किती मुलांचे नंबर लागलेत तुमच्या?"

तुम्ही चष्म्यावरून बघितलंत. "ज्यांचा नंबर लागून गेलाय अशीच माणसं येतात माझ्याकडं. नंबर लागला, नोकरी लागली, घर झालं, गाडी झाली, आणि आता काय करावं ते कळंना म्हणून येतात. तुमची पोरगी लहान हाय. तिला वेळ हाय अजून."

मी "सॉरी" म्हणून वळायला हवं होतं. वळले नाही. फाटकाची कडी हातात धरून उभी राहिले. तुम्ही शेंगांचं सूप थोडं बाजूला सरकवलंत आणि म्हणालात, "तुमचा लागून गेलाय वाटतं. बसा."

त्या दिवशी मी किती वेळ बसले ते आठवत नाही. बोलले फार थोडं. काय सांगणार होते? मी भूलतज्ज्ञ. नांदेडमध्ये आमचं स्वतःचं हॉस्पिटल, नवरा सर्जन, माणूस चांगला. मुलगी हुशार. माझे बाबा उमरीला रेल्वेत गँगमन होते, आई लोकांच्या रानात खुरपायला जायची. आमच्या वस्तीतली मी पहिली डॉक्टर. विहारात कुठलाही कार्यक्रम असला की मला पुढच्या रांगेत बसवतात आणि लहान पोरींना दाखवून सांगतात, ही बघा. अशा बाईनं सकाळी आरशापुढं उभं राहून "हे सगळं कशाला?" असं स्वतःला विचारायचं, हे मलाच पाप वाटत होतं. आईनं उन्हातान्हात काढलेली वर्षं आठवायची आणि मी स्वतःला रागवायचे, की तुला कसलं गं दुःख?

हे मी तुम्हाला तुटक तुटक सांगितलं. मला वाटलं, तुम्ही म्हणाल, ध्यान करा, सकाळी फिरायला जा. तुम्ही एवढंच म्हणालात, "दुःख असायला कुणाची परवानगी लागती का, बाई?" आणि मूठभर शेंगा माझ्यापुढं ठेवल्या. आपण दोघी शेंगा फोडत बसलो. गाडीत बसल्यावर मला जाणवलं, की कितीतरी महिन्यांनी मी घड्याळ न बघता कुठं तरी बसले होते.

घरी बाबांना सांगितलं की मी लातूरला एका लाइफ कोचकडं जाणार आहे. बाबांची सगळी हयात रुळांवर गेलेली. ते म्हणाले, "कोच म्हंजे डबा न्हाई का? डब्यात बसायला तू लातूरला जानार?" हे तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही इतक्या हसलात की चष्मा पडला. पुढं कुणी तुमच्या कामाची फार स्तुती करायला लागलं की तुम्ही म्हणायचात, "मी नुसता डबा हाय. प्रवास तुमचा."

तुमच्या त्या कोर्सच्या गोष्टी तर मी अजून सांगत असते. कचेरीतली बत्तीस वर्षांची नोकरी संपल्यावर, साठीच्या तोंडावर, सुनेच्या लॅपटॉपवर तुम्ही तो कोर्स केलात. शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, पाच वर्षांनी स्वतःला कुठं बघता? तुम्ही सांगितलंत, "इथंच. लातूरला." त्या म्हणाल्या, तसं नाही मॅडम, मोठं स्वप्न सांगा. तर तुम्ही म्हणालात, "मग घर जरा मोठं धरा, पन लातूरलाच." तरी सर्टिफिकेट मिळालं आणि तुम्ही ते फ्रेम करून कपाटाच्या आत लावलंत. बाहेर का नाही, विचारलं तर म्हणालात, "लोक ते वाचत बसतात आणि बोलायचं राहून जातं."

मी दर दुसऱ्या रविवारी येत राहिले. आधी लेकीकडं, मग तुमच्याकडं. "आज तिला मार्क विचारू नका," तुम्ही सांगायचात, "जेवली का ते विचारा." सुजातानं पुढं फिजिओथेरपी घेतली. बारावीच्या निकालाच्या दिवशी मी तिला पहिल्यांदा मार्कच विचारले, हे तिनं तुम्हाला फोन करून सांगितलं होतं म्हणे. दोघी मिळून माझ्यावर हसलात. असो.

तिसऱ्या की चौथ्या रविवारी तुम्ही मला विचारलंत, "डॉक्टरबाई, तुमचे पेशंट तुम्हाला नावानं ओळखतात का?"

मी म्हटलं, "ताई, माझ्या पेशंटला माझा चेहरासुद्धा आठवत नाही. मी मास्क लावून येते, त्याला झोपवते, तो उठेपर्यंत मी पुढच्या टेबलाशी असते. आभार सर्जनचे मानतात."

"आणि झोपवायच्या आधी तुम्ही काय बोलता?"

"नाव विचारते. ॲलर्जी विचारते. उपाशी आहात ना, विचारते. मग मोजायला सांगते."

तुम्ही बराच वेळ शेंगाच फोडत होतात. मग म्हणालात, "म्हणजे माणूस सगळ्यात जास्त भ्यालेलं असतं त्या वेळंला त्याच्याजवळ तुम्हीच असता. आन् तुम्ही त्याला पाढे म्हणायला लावता."

मला राग आला. परतीच्या रस्त्यावर अहमदपूरच्या पुढपर्यंत मी मनातल्या मनात तुमच्याशी भांडत होते. आमच्या कामाचं तुम्हाला काय कळतं, दिवसाला सात-आठ केसेस असतात, गप्पा मारत कोण बसणार. पण सोमवारी पहिली केस मुखेडकडच्या एका बाईंची होती. गर्भपिशवी काढायची होती. मी नेहमीसारखी फाइल घेऊन गेले आणि काय झालं कुणास ठाऊक, स्टूल ओढून बसले. विचारलं, "भीती वाटते का?" त्या म्हणाल्या, "लई. मी उठन का न्हाई परत?" मी म्हटलं, "उठाल. मी तिथंच उभी असते सगळा वेळ. तुमचा श्वास मीच बघत असते." त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. "मंग मास्क काढा की जरा. कोन हाय ते तरी बघू द्या."

मी मास्क काढला. दहा-बारा मिनिटं बसले असेन. कापूस कुणी वेचायचा, म्हशीला पाणी कोण पाजणार, हेच सगळं. महिन्यानं त्या दाखवायला आल्या तेव्हा माझ्या नवऱ्याच्या केबिनमध्ये बसल्या-बसल्या त्यांनी त्याला विचारलं, "तुमचं बरंय साहेब, पर ती झोपवनारी बाई कुठं हाय?"

माझ्या नवऱ्यानं, मिलिंदनं, मला हाक मारली तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे आश्चर्य होतं, ते तुम्हाला दाखवायला हवं होतं. वीस वर्षांत असं पहिल्यांदाच झालेलं. त्यानंतर प्रत्येक पेशंटजवळ मी आधी बसते. केसेस कमी झाल्या नाहीत, मीच अर्धा तास लवकर जाते. हे काम मी इतकी वर्षं करत होते आणि मला ते आवडतं हेच मला माहीत नव्हतं. ताई, तुम्ही मला नवीन काही दिलं नाहीत. माझंच होतं, ते माझ्या हातात ठेवलंत. याबद्दल मी तुमचे कधी धड आभार मानले नाहीत. मानायला गेले की तुम्ही विषय बदलायचात आणि मीही सुटल्यासारखी दुसरं बोलायचे.

आता आपल्या भांडणाकडं येते. तेही सांगायलाच हवं.

नांदेडमध्ये सहा-सात डॉक्टर मिळून एक मोठं हॉस्पिटल काढणार होते. भूल विभागाची आणि अतिदक्षता विभागाची प्रमुख म्हणून माझं नाव पुढं होतं. मी उत्साहानं तुम्हाला सांगायला आले. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "डॉक्टरबाई, माणसानं कधीतरी पुरे म्हणावं. आत्ता कुठं तुमचं मन थाऱ्यावर यायला लागलंय. आणि तुमच्या विहारात पन तेच सांगतात की. तृष्णा म्हणतात ना तिला?"

माझ्या डोक्यात काहीतरी तटकन तुटलं. मी म्हणाले, "ताई, पुरे हा शब्द तुमच्या घरात घरचेच म्हणत असतील. आमच्या घरात तो नेहमी बाहेरून आला. आईला रानाचा मालक म्हणायचा, एवढं पुरे. बाबांनी मला शिकवायचं काढलं तेव्हा गाव म्हणालं, पोरीला सातवी पुरे. आम्ही कुणाच्या पुरेला पुरे म्हटलं नाही, म्हणून आज मी तुमच्या बाजेवर बरोबरीनं बसलेय. आणि धम्म मला तुम्ही शिकवू नका."

तुमचा हात शेंगेवरच थांबला.  मी चप्पल घातली आणि निघाले.

बाबांना येऊन सगळं सांगितलं, मला वाटलं ते माझी बाजू घेतील. ते बिछान्यावर बसून ऐकत होते. म्हणाले, "तृष्णा येगळी आन् हक येगळा, पोरी. तू बोललीस ते बराबर बोललीस." मग म्हणाले, "पर हे नवं हॉस्पिटल तुला कामून पायजे, ते तुला तरी ठावं हाय का?" मी त्यांच्यावरही चिडले.

महिनाभर मी लातूरला आले ती फक्त लेकीकडं. तुमच्या गल्लीत गाडी घातली नाही.

मग एका मंगळवारी दुपारी ओपीडीत शेवटचं नाव पुकारलं आणि तुम्ही आत आलात. एसटीनं लातूरहून नांदेड, तेही तो दुखरा गुडघा घेऊन. रिसेप्शनवर रीतसर नंबर लावून दोन तास बाकड्यावर बसल्या होतात. मी उठून उभी राहिले. तुम्ही बसलात, पाणी प्यायलात आणि एकदम सुरुवात केलीत. अजून माझ्या कानात आहे.

"माझं माहेर मुखेडकडं. पन्नास एकर रान होतं. मी लहान होते तेव्हा दुपारी रानात कामाच्या बायकांना ताक वाढायला मीच जायचे. बाप उभा असायचा. एकेक वाटी झाली की म्हणायचा, पुरे. की मी हात थांबवायचे. आणि वरूनच ओतायचे मी, डॉक्टरबाई. त्यांच्या वाटीला माझा तांब्या लागू नये म्हणून. इतकी वर्षं हे मला आठवलंच नव्हतं. तुम्ही गेल्यावर आठवलं. तेव्हापासून ते डोळ्यांपुढनं जाऊन नाही राहिलं."

 तुमचं गाव वेगळं, माझ्या आईचं वेगळं. तुम्ही तेव्हा आठ-नऊ वर्षांच्या. "जाऊ द्या" म्हणणं सोपं होतं, पण ते माझ्या एकटीचं नव्हतं, म्हणून मी ते म्हटलं नाही. तुम्हालाही ते नको होतं, हे मला दिसत होतं. मी चहा मागवला. आपण दोघी तो प्यायलो. आणि मग तुम्ही पदरानं तोंड पुसून म्हणालात, "पन माझं म्हणणं मी सोडलेलं नाही बरं का. पुरे म्हणावंच माणसानं. ज्याचं त्यानं म्हणावं, एवढी माझी चूक झाली."

"आणि ज्याला कधी मिळालंच नाही, त्यानं?"

"त्यानं आधी घ्यावं."

"किती?"

तुम्ही विचार केलात. खरोखर विचार केलात. "हे मला पन अजून कळंना गेलंय, माय."

त्या दिवशी तुम्ही मला पहिल्यांदा "माय" म्हणालात. त्या प्रश्नाचा निकाल आपण पुढं कधी लावला नाही. दर भेटीत एकदा तरी तो निघायचा आणि अण्णा आतून ओरडायचे, "झालं यांचं सुरू!" ते भांडण तसंच राहिलं याचं मला वाईट वाटत नाही. संपलं असतं तर बहुतेक आपण हवापाण्यावर बोलत बसलो असतो.

तो गुडघा शेवटी बदलावा लागला. ऑपरेशन आमच्याकडंच केलं आणि भूल मीच दिली. कमरेत सुई देऊन खालचं अंग बधिर करतात, माणूस जागाच असतो, हे मी तुम्हाला तीनदा समजावलं. तरी हातोडीचा आवाज सुरू झाल्यावर तुम्ही हिरव्या पडद्याआडून विचारलंत, "सुतार आलाय का?" हाडांचे सर्जन हसायला लागले, त्यांना हात थांबवावा लागला. मी तुमच्या डोक्याशी बसले होते. तुम्ही हात पुढं केलात, मी तो धरला. तुमचा हात गार पडला होता.

"भीती वाटते का ताई?"

"घरी सगळ्यांना सांगून आले, नाही वाटत. वाटून राहिली." मग थोड्या वेळानं, बहुतेक औषधाच्या गुंगीत, तुम्ही स्वतःहून बोलायला लागलात. "मी रिटायर झाले ना, लई मोठा कार्यक्रम केला. शाल, नारळ, सगळ्यांची भाषणं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ केली, इस्त्रीची साडी नेसले, डबा भरला आणि दारात येऊन उभी राहिले. अण्णा म्हणाले, कुठं? मला सांगताच येईना. सहा महिने असं चाललं. लोक म्हणायचे, काय कमी हाय बाईला, पेन्शन हाय, पोरगं मार्गाला लागलंय. तेव्हा एकानं जरी मला विचारलं असतं ना, की बाई, तुला काय होतंय, तर मी हा उद्योग काढलाच नसता."

मॉनिटरवर तुमच्या हृदयाचे ठोके शांत, एकसारखे पडत होते. मी इतक्या लोकांचे ठोके बघितलेत, पण त्या दिवशी ते बघत बसायला मला फार बरं वाटत होतं. नंतर तुम्ही दीड वर्ष त्या गुडघ्यावर जिने चढलात, बाजार केलात, एकदा तर माळेगावच्या जत्रेत चालून आलात आणि मला फोन करून सांगितलंत, "सुताराला सांगा, काम मजबूत झालंय."

आता जे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही, ते सांगते.

त्या नव्या हॉस्पिटलचं काय झालं असं तुम्ही एकदा फोनवर विचारलंत. मी म्हटलं, सोडलं ते. तुम्ही विचारलंत, का? मी म्हटलं, "माझं मीच पुरे म्हटलं."  पलीकडून तुम्ही अगदी हळू आवाजात म्हणालात, "खरंच, माय?" मी हो म्हटलं. ताई, ते खोटं होतं. मी काही सोडलं नव्हतं. त्यांनीच मला वगळलं होतं, दुसऱ्या एका डॉक्टरना घेतलं होतं आणि मला मोबाइलवर दोन ओळींचा निरोप पाठवला होता. मी दोन दिवस कुणाशी बोलले नव्हते. लाज वाटत होती. तुमचा फोन आला आणि तोंडातून ते निघून गेलं. आणि तुम्हाला इतका आनंद झाला, की नंतर खरं सांगायचं धाडसच झालं नाही. पुढं तुम्ही तुमच्याकडं येणाऱ्यांना नाव न घेता "नांदेडच्या एक डॉक्टरबाई" म्हणून माझं उदाहरण द्यायला लागलात. ते माझ्या कानावर यायचं आणि मी गप्प बसायचे.

गेल्या रविवारी तुमच्या ओसरीत आणि अंगणात मिळून चाळीसेक माणसं जमली होती. भाषणं झाली नाहीत, लोक नुसतेच बसले आणि आठवेल ते बोलले. एक इंजिनिअर, एक वकीलबाई, एक कापड दुकानदार. सगळी नंबर लागून गेलेली. लातूरच्या चौकाचौकात ज्यांचा फोटो लागतो ते फिजिक्सचे सरही आले होते. फोटोत ते हाताची घडी घालून उभे असतात, इथं गुडघे मिटून सतरंजीवर बसले होते. चहाच्या वेळी ते माझ्याजवळ आले.

"तुम्हीच का नांदेडच्या डॉक्टरबाई? मॅडम, तुमच्यामुळं मी तिसरी शाखा काढली नाही. ताईंनी तुमचं सांगितलं आणि मी विचार केला, एवढ्या मोठ्या डॉक्टर नाही म्हणू शकतात तर मी का नाही? आता संध्याकाळी घरी असतो. रानात पपई लावलीय."

मी कप खाली ठेवला. हो म्हणून हसून निभावून नेता आलं असतं. पण तुमच्याच अंगणात, तुम्ही नसताना, मला ते जमेना. मी म्हटलं, "सर, मी नाही म्हटलं नव्हतं. त्यांनी मला काढलं होतं. ताईंना मी खोटं सांगितलं."

 मला वाटलं, आता यांना वाईट वाटणार, पपईचं सगळं रान उपटून टाकावंसं वाटणार. पण ते हसायलाच लागले, आणि हसता हसता डोळे पुसायला लागले. "मॅडम, मी ताईंना सांगितलं होतं, की माझ्या निर्णयानं घरात सगळे खूश आहेत. बायको दोन महिने माझ्याशी बोलत नव्हती!"

"आता बोलतात का?"

"आता लई बोलती."

अण्णा मागं उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या दिवसात पहिल्यांदा मी त्यांना हसताना बघितलं. म्हणाले, "तिच्यापाशी येऊन थापा मारणारे तुम्ही दोघंच नव्हता."

"ताईंना कळायचं?" मी विचारलं.

"कधी कळायचं, कधी नाही. तुमचं कळलं होतं का ते मला ठावं नाही. पण कळलं तरी ती कुणाला धरायची नाही. म्हणायची, सांगितलंय ना, आता बघील ते खरं करून."

तिथून आम्ही नांदेडला परत निघालो. मिलिंद गाडी चालवत होता. लोह्याच्या पुढं आल्यावर मी त्याला म्हटलं, मला गुरुवार मोकळा हवाय. हिमायतनगरकडं एक छोटा दवाखाना आहे, भूल द्यायला कुणी नसतं म्हणून तिथल्या बाळंतिणींना नांदेडला यावं लागतं. तिथल्या डॉक्टरांनी मला दोनदा विचारलं होतं आणि मी दोन्ही वेळा, बघू, म्हटलं होतं. मिलिंदनं विचारलं, "किती दिवस जाणार?" मी म्हटलं, "माहीत नाही." तो म्हणाला, "बरं."

तुम्ही असतात तर लगेच विचारलं असतंत, हे कुणासाठी चाललंय, डॉक्टरबाई? लोकांनी वाहवा करावी म्हणून का? मी म्हटलं असतं, थोडं तसंही असेल. आणि आपली एक दुपार त्यातच गेली असती.

काल पहिला गुरुवार झाला. दवाखाना बारकाच आहे, खिडकीतून सागाची झाडं दिसतात. एकच सिझेरियन होतं, तेवीस वर्षांची पोरगी, पहिलटकरीण. मी आधी तिच्याजवळ बसले, मास्क काढून. तिनं फार प्रश्न विचारले नाहीत, फक्त माझी साडी कुठली ते विचारलं. मुलगी झाली, चांगली दणकून रडली. बाळंतीण जागीच होती, तिनं मान वळवून लेकीला बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. टाके घालणं चालू होतं. मी तिच्या कपाळावरचा घाम पुसत होते.

"बाई," ती म्हणाली, "तुमी फुडल्या गुरवारी पन येनार का? माझी नणंद हाय, तिचे दिवस भरत आलेत."

"येणार," मी म्हटलं. "तिला सांगा, बाळासाठी जुनं लुगडं-बिगडं घेऊन निवांत ये म्हणावं."